सतरा नंबरचा पाना

रविवार, ८ ऑक्टोबर १९६७. सकाळपासून पाने घासते आहे.

खंडेनवमी चार-पाच दिवसांवर आली. आमच्या घरी त्या दिवशी पाटावर विळी, अडकित्ता, ह्यांची मोजणीची साखळी आणि माझे गाडीचे पाने मांडले जातात. त्याआधी सगळ्यांवरचा पावसाळा उतरवावा लागतो. सिल्वासाचा पाऊस लोखंडाला सोडत नाही. चार महिन्यांत कपाटातल्या सुयासुद्धा तपकिरी होतात. घमेल्यात रॉकेल ओतायचं, पाने तासभर भिजू द्यायचे, नारळाची शेंडी राखेत बुडवून घासायचे, कोरडे पुसायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. गाडीचं जुनं तेलही आजच काढलं. खाली परात ठेवली आहे आणि इंजिनाखालचा तेल काढायचा बोल्ट पुसून फडक्यावर ठेवला आहे. काम सोपं आहे. हात चालतात, डोकं मोकळं राहतं. डोकं मोकळं राहिलेलं मला फारसं आवडत नाही.

कुंपणापलीकडे भात पिवळं पडलं आहे. वारा पडला की त्याचा कोरडा, जरा भाजल्यासारखा वास अंगणात येतो आणि रॉकेलच्या वासात मिसळतो. गवताच्या गाड्या वापीच्या रस्त्याला लागल्या आहेत. त्यांच्या मागून चाललं की साडीच्या काठात कुसळं अडकतात. वर्गात निम्मी बाकं रिकामी, कारण मुलं कापणीला गेलेली. दमणगंगेचं पाणी निवळून तळाचे दगड दिसायला लागले आहेत. हा ऋतू लोकांना सुंदर वाटतो. असेलही. मला या वासांनी तीन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आठवतो आणि हातातला पाना मी जरुरीपेक्षा जास्त घासते.

यंदा निमित्त कुमुदचं झालं. कुमुद आमच्या शाळेत पहिलीला शिकवते. पालघरकडची, लग्न होऊन वर्षही झालेलं नाही. तिच्या नवऱ्यानं स्कूटर घेतली आहे. काल मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलाशी आली.

"बाई, घरात ठेवायला पाने कुठले घेऊ, लिहून द्या ना. ह्यांना विचारलं तर म्हणाले, चांगले बघून घे."

"चांगले म्हणजे कसे, ते विचारलंस का?"

"चमकणारे."

"मग स्कूटर बघणार कोण?"

"म्हणून तर तुमच्याकडे आले. परवा ह्यांनी ब्रेकचा नट सोडला, परत लावला, एक वायसर उरला तो खिशात घातला आणि त्याच स्कूटरवरून कचेरीत गेले."

म्हणून आज पाने घासता घासता हात पुसून वही घेतली. माझे वडील जयगडला भातगिरणीचं इंजिन चालवायचे. आम्हा बहिणींना त्यांनी वेण्या घालायच्या आधी नट आवळायला शिकवलं, त्यामुळे हत्यारांबद्दल माझी मतं पक्की आहेत आणि ती मी न विचारताही देते. लिहिलं, पेटीभर पाने घेऊ नकोस. रोज लागतात ती तीन-चार मापंच, बाकीचे गंजायला. उघड्या तोंडाचा पाना नटाच्या दोनच बाजू धरतो, रिंगचा सगळे कोपरे धरतो. म्हणून घट्ट नट सोडायला रिंग पाना, आणि अडचणीच्या जागी उघड्या तोंडाचा. तोंड मागंपुढं करता येणारा स्क्रूपाना दुकानदार आधी दाखवील, तो शेवटी घे. त्याची पकड ढिली होते आणि माणूस आळशी होतो. पक्कड घे, पण पकडीनं नट कधी सोडू नकोस. दुकानात पाना नटावर बसवून हलवून बघ. डगडगला तर परत दे, कितीही चमकत असला तरी. पाना आपल्याकडे ओढायचा, पुढं ढकलायचा नाही, कारण निसटला तर बोटांची सालं जातात.

एवढं भराभर लिहिलं. मग वर मोकळ्या सोडलेल्या जागेत लिहिलं, "सगळ्यात आधी तुमच्या गाडीचे नट इंची आहेत की मिलिमीटरचे, ते बघ." तिथं पेन थांबलं.

आमची गाडी जर्मन बनावटीची, छोटी, जुनी. दमणचे एक गृहस्थ इथं राहायचे, ते सगळं आवरून निघाले तेव्हा ह्यांनी ती घेतली. हे सर्व्हे खात्यात, जमिनी मोजतात. गाडी चालवतात बरी. तिच्या पोटात काय आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. ते मी बघते.

गाडीबरोबर देवजी आला. म्हणजे कोणी दिला नाही, तो आपणच येत राहिला. खडोलीचा, चाळिशीचा, उंच आणि हाडकुळा. दमणवाल्यांकडे बारा वर्षं हीच गाडी त्यानं धुतली, चालवली, उघडली, लावली. रविवारी सकाळी यायचा. गोणपाटाच्या तुकड्यात त्याचे चार पाने असायचे. दहा, चौदा, सतरा, एकोणीस. वापरून वापरून त्यांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. अक्षरं त्याला येत नव्हती, आकडे येत होते. गाडीखाली आडवा झाला की तो हात बाहेर काढून फक्त आकडा बोलायचा. "चौदा." मी हातात ठेवायची. "सतरा." त्या चारांपलीकडे त्याला काही लागायचं नाही. मला ते थोडं कमीपणाचं वाटायचं. सर्व्हेवाल्यांच्या घरी गाडी आहे आणि पाने मात्र बाहेरच्या माणसाचे.

म्हणून तीन वर्षांपूर्वी गणपतीत गिरगावला भावाकडे गेले, तेव्हा एक दुपार काढून नागदेवीला, हत्यारांच्या बाजारात गेले. एका दुकानात जाड कापडाच्या गुंडाळीत दहा नवे पाने ओळीनं खोवलेले होते. मला ते फार आवडले.

"बेन, गाडी इंग्लिश की जर्मन?" दुकानदारानं विचारलं.

"जर्मन होती. आता आमची आहे."

"गाडी तुमची, पण नट जर्मन. त्याला मिलिमीटर लागेल. हा माल इंची हाय. मिलिमीटर पुढच्या आठवड्यात देतो."

पुढच्या आठवड्यात मला शाळा होती. मी म्हणाले, "इंचाचे मिलिमीटर करता येतात. मी गणित शिकवते."

"तुम्हाला येते, बेन. नटाला नाय येत."

मला राग आला आणि गुंडाळी घेऊन मी बाहेर पडले. त्या काळात सरकारनं मापं बदलली होती, फूट-इंच जाऊन मीटर आले होते, आणि सिल्वासाच्या मुलांना एकाचं दुसऱ्यात करायला शिकवणारी मीच. एक इंच म्हणजे पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. कोणी नुसतं पंचवीस लिहिलं तर मी गुण कापायची. जवळपास म्हणजे चूक, असं फळ्यावर लिहून ठेवलं होतं.

घरी आल्यावर पाऊण इंची पाना एकोणीसच्या नटावर घातला तर असा बसला की जणू त्याच्यासाठीच घडवला होता. मी देवजीला दाखवला. तो हसला, मान हलवली. मग त्यानं त्याच गुंडाळीतला अकरा-सोळांश इंचाचा घेतला, गाडीखाली सरकून तेलाच्या बोल्टवर लावला आणि तसाच बाहेर आला.

"बाई, हा हिला नाय बसायचा."

"बसतो की."

"बसते, पण हलते."

"नवा आहे म्हणून हलतो."

"नवा हलत नाय, बाई. जुना हलते."

मी त्याला गणित सांगितलं. अकरा-सोळांश इंच म्हणजे सतरा पूर्णांक सेहेचाळीस मिलिमीटर. सतरा आणि साडेसतरा, फरक केवढा? त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि आपला सतरा गोणपाटात गुंडाळला. "बाईला ठावं," एवढंच म्हणाला.

त्यानंतरच्या शनिवारी शाळा लवकर सुटली. देवजीची वाट न बघता मी एकटीनं तेल बदललं. बोल्ट आवळताना माझा पाना निसटला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची सालं गेली. परत लावला, परत निसटला. तिसऱ्या वेळी तो बोल्टभोवती गुळगुळीत फिरला. कोपरे झिजले की असं होतं. ते माझ्या हाताला कळलं होतं, हे मला आज लिहायचं आहे. गाडीखाली अंधार होता, नीट दिसलं नाही, असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत आले. दिसायची गरज नव्हती. गिरणीवाल्याची मुलगी मी, नट आवळला गेला की नाही ते मनगटाला कळतं. मी बोटांना हळद लावली आणि स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी, रविवार असूनही, ह्यांच्या साहेबांना खडोलीला मोजणीची पाहणी करायची होती. कचेरीची जीप होती पण ड्रायव्हर नव्हता, ती जागा भरायची होती. म्हणून आमची गाडी निघाली. पुढं हे आणि साहेब, मागं मी, गाडी अडली तर असावी म्हणून. दोन्ही बाजूंना पिवळं भात, मधूनच कापलेल्या शेताचे खुंट, बांधावर नागलीच्या पेंढ्या. साहेब खुशीत होते. खडोलीच्या अलीकडे तेलाचा दिवा लागला आणि इंजिनचा आवाज बदलला. हे थांबले. मी उतरून मागं पाहिलं, तर रस्त्याच्या धुळीत तेलाची काळी रेघ दूरपर्यंत आली होती.

गाव जवळ, निरोप गेला तसा देवजी दहा मिनिटांत आला. कापणीमुळे त्या रविवारी तो आमच्याकडे आला नव्हता; शेतातूनच आला, केसांत भुस्सा. काही न विचारता गाडीखाली गेला. ऊन डोक्यावर. साहेब रुमालानं मान पुसत म्हणाले, "ह्या गाडीची देखभाल कोण करतं?"

हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "देवजी."

"हाच ना? जीपवर ड्रायव्हर म्हणून ह्याचाच अर्ज आहे माझ्याकडे. मग हे काय?"

त्या वेळी मी गप्प राहू शकले असते. तेवढंही पुरलं असतं. पण मी बोलले, आणि वर्गात बोलते तशा खणखणीत आवाजात बोलले. "हात जरा जड आहे त्याचा. पाने पण फार जुने झालेत, नट खराब होतात."

गाडीखालून देवजीचे गुडघ्यापासूनचे पाय दिसत होते. आतला खरडण्याचा आवाज थांबला. पुरता थांबला. मग परत सुरू झाला.

बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याची पट्टी कापून त्यानं बोल्टच्या झिजलेल्या कडेला दिली, वरून आपला सतरा ठोकून बसवला आणि बोल्ट आवळला. जाणाऱ्या गवताच्या लॉरीवाल्याकडून तेल मागून आणलं, ओतलं. "आता चालल," साहेबांना म्हणाला. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं की वाईट, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

आठवड्यानं कळलं की जीपवर दुसरा माणूस घेतला, वापीकडचा. त्या आठवड्यातच, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, देवजी दाराशी आला. आत आला नाही. गोणपाटातून सतरा नंबरचा पाना काढून ओट्यावर ठेवला.

"हा ठेवा, बाई. तुमच्यात सतरा नाय."

"आणि तुला?"

"मला कुठं गाडी हाय आता?"

टोमणा नव्हता तो. त्याच्या आवाजात तसं काहीच नव्हतं. रविवारी यायचा बंद झाला, एवढंच. झिजलेला बोल्ट काढून मी नवा बसवला; वर्षाच्या आत नागदेवीहून मिलिमीटरचे दोन पानेही आणवता आले असते. मी आणवले नाहीत, कारण त्याचा सतरा उत्तम चालत होता. दर ऑक्टोबरला मी तो घासते, दर खंडेनवमीला पाटावर मांडते, हळदकुंकू वाहते, झेंडूचं फूल ठेवते. माझ्या चकचकीत दहा पान्यांच्या शेजारी तो एकटाच काळा. गेल्या वर्षी शेजारच्या बाईंनी विचारलं, "हा जुना कुणाचा, वडिलांचा का?" मी हो म्हणाले.

हे सगळं इतक्यावरच राहिलं असतं आणि मी कुमुदची यादी पुरी करून उठले असते. पण दुपारी चार वाजता हे चहा घेत अंगणात आले.

"जीपवाला गेला सोडून. उद्या ड्रायव्हरच्या मुलाखती. तुझ्या देवजीनं परत अर्ज केलाय."

मी म्हणाले, "मग घ्या त्याला."

"कसं घेतील? त्याच्या कागदावर मागचा शेरा आहे."

"कोणाचा शेरा?"

"साहेबांनी लिहिलाय. शब्द तुझेच की. हात जड, हत्यारं जुनी, नट खराब करतो."

माझा समज होता की ते वाक्य खडोलीच्या रस्त्यावर उन्हात विरून गेलं असेल. ते फायलीत होतं. तीन पावसाळे कोरडं राहिलं होतं, माझ्या पान्यांपेक्षा जपून.

"अहो, तेव्हाचा तो बोल्ट मी बिघडवला होता," मी म्हणाले.

ह्यांनी कप खाली ठेवला. "कधी?"

"आदल्या दिवशी. माझ्या इंची पान्यानं."

"तुला तेव्हा ठाऊक होतं?"

मी फडक्यावरचा बोल्ट उचलून परत पुसायला लागले. ह्यांनी बोल्टकडे पाहिलं. मग म्हणाले, "आता कशाला उकरतेस? साहेब तेच आहेत. आणि ड्रायव्हरच्या मुलाखतीत सर्व्हेवाल्याची बायको पाने घेऊन आली, हे गावभर होईल."

"होऊ दे."

"मला रोज त्या कचेरीत बसायचंय, अगं."

ते खरं होतं. त्यांनी चहा संपवला आणि कप स्वतः आत नेला, जे ते कधी करत नाहीत. संध्याकाळ होत आली तसं भाताचा वास गार झाला. मी सगळे पाने पुसून गुंडाळीत खोवले. दोन बाहेर ठेवले.

पुढचं सोमवारी संध्याकाळी लिहिते आहे.

सकाळी शाळेत पहिल्या तासाला उशीर होईल म्हणून चिठ्ठी पाठवली. तेलाचा बोल्ट, माझा अकरा-सोळांशाचा पाना आणि देवजीचा सतरा फडक्यात बांधून पिशवीत घातले आणि कचेरीत गेले. व्हरांड्यात सात-आठ जण भिंतीला टेकून होते. देवजी टोकाला बसला होता. धुतलेला सदरा, केसांना तेल, कानावरचे केस पांढरे झालेले. मला पाहून उभा राहिला. मी सरळ आत गेले.

"बाई, मुलाखत ड्रायव्हरची आहे," साहेब म्हणाले.

"माहीत आहे." मी फडकं त्यांच्या टेबलावर सोडलं. बोल्ट उभा धरला, त्यावर सतरा बसवला. हलला नाही. मग माझा बसवला आणि हलवून दाखवला. लोखंडावर लोखंडाचा टकटक आवाज झाला. कोपऱ्यात बसलेल्या ह्यांनी मान खाली घातली होती, ती वर केली. "खडोलीला तेल गळलं ते ह्या पान्यामुळं. पाना माझा, आवळलं मी. जुना पाना देवजीचा, तो हा. तुम्ही लिहिलेला शेरा माझ्या बोलण्यावरून लिहिला आहे आणि ते बोलणं खोटं होतं."

साहेबांनी दोन्ही पाने हातात घेऊन बघितले. "एवढा फरक?"

"अर्धा मिलिमीटर."

"तीन वर्षांनी सांगता?"

"हो."

त्यांनी पाने टेबलावर ठेवले. मग एक कोरा कागद पुढं सरकवला. "लिहून द्या. शेरा लेखी आहे, तो तोंडी कसा पुसणार? पुढचं मी बघतो, वचन देत नाही."

मी लिहायला घेतलं. पहिली ओळ लिहिली, "माझा त्या वेळी गैरसमज झाला होता." वाचली. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं होतं. मग ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "मला त्या वेळीही माहीत होतं." बाकीचं तीन ओळींत संपलं. सही केली.

बाहेर आले. देवजी अजून उभाच होता. दार उघडं होतं, त्यानं सगळं ऐकलं असणार. मी सतरा नंबर त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला, उलटासुलटा केला आणि सवयीनं सदऱ्याच्या टोकाला पुसला, धुतलेल्या सदऱ्याला.

"घासलाय चांगला," तो म्हणाला. मग, "मला ठावं होतं, बाई."

"मला माहीत आहे, तुला ठाऊक होतं ते."

"आता तुमच्यात सतरा नाय."

"नाही. लागला की खडोलीला मागायला येईन."

त्यानं मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही. आतून त्याचं नाव पुकारलं गेलं आणि तो पाना हातात घेऊनच आत गेला.

बोल्ट माझ्या पिशवीत होता आणि गाडी अंगणात बिनतेलाची उभी. मी शाळेपर्यंत चालत गेले. दुसरा तास सुरू व्हायचा होता. फळ्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात ते तीन शब्द होते, "जवळपास म्हणजे चूक". दर जूनला मी ते नव्यानं गिरवते. मुलांचे गुण मी त्यांवर कापले, स्वतःचे कधीच नाही. ते पुसले आणि कुमुदला यादी नेऊन दिली.